जातिवंत कोण?

गेल्या हनुक्काच्या एका संध्याकाळी न्यू जर्सीत आमच्या मुलीच्या घरी सारी मंडळी जमली होती. दिवे लावून झाले, गोडधोड झाले, आणि आमची नऊ वर्षांची नात मोतीच्या गळ्यात हात टाकून बसली. मोती हा त्यांच्या घरचा डालमेशियन कुत्रा. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, म्हणून नाव मोती. नातीने एकाएकी विचारले, "आजी, मोती प्युअरब्रेड आहे. त्याच्या आजोबा-पणजोबांची नावे लिहिलेले कागद आहेत. आपले कागद कुठे आहेत?"

सगळे हसले. आम्हाला मात्र हसू आले नाही. पोरीच्या तोंडून निघालेला हा प्रश्न आपल्या समाजाला पूर्वी फार मोठ्या माणसांनी विचारला होता, आणि वाचकहो, आपणही तो एकमेकांना विचारीत आलो आहोत. त्या रात्रीपासून तो मनात घोळत राहिला. आम्ही जन्मभर शिक्षकी केली. मुलांच्या प्रश्नाला उत्तर न देता वर्गाबाहेर पडण्याची सवय नाही. म्हणून हा लेख.

प्रथम मोतीविषयी सांगतो. डालमेशियन ही जात पूर्वी घोडागाडीबरोबर धावण्यासाठी पाळीत. अमेरिकेत आगीचे बंब घोडे ओढीत असत त्या काळी हे कुत्रे बंबापुढे धावून रस्ता मोकळा करीत. आता घोडे गेले, बंब मोटारीचे झाले, पण मोतीच्या पायांना ते कोणी कळविलेले नाही. सकाळी तासभर आणि संध्याकाळी तासभर त्याला पळविले नाही तर तो घरातली पायताणे आणि उशा यांचा समाचार घेतो. केस आखूड, पण बारा महिने गळतात. आमच्या काळ्या कोटावर ते अजून सापडतात. घरात कोणी नसले की रडतो, आणि कोणी आले की वरचा ओठ उचलून दात दाखवितो. नवखा माणूस घाबरतो. वास्तविक ते त्याचे हसणे असते. या जातीची पिले जन्मतात तेव्हा अगदी पांढरी असतात, ठिपके पुढे एक-दोन आठवड्यांनी उमटू लागतात. म्हणजे जातीची खूणसुद्धा जन्मतः दिसत नाही, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आता दुसरी गोष्ट. दर शुक्रवारी आमच्या मुलीकडे कलेजी होते. आलेमिरची वाटून केलेली, आपल्या घरोघरी होते तशी. मोती चुलीपाशी येऊन बसे आणि आम्ही प्रेमाने त्याला दोन-चार तुकडे घालीत असू. आपल्या गुरुजनांनीच सांगितले आहे की आपण जेवायला बसण्याआधी जनावराला घालावे; त्याचे आम्हाला समाधानच वाटे. असे वर्षभर चालले. मग एके दिवशी मोतीची लघवी अडली. जनावरांच्या डॉक्टरांकडे धावलो. मूतखडे निघाले, शस्त्रक्रिया करावी लागली. डॉक्टरांनी विचारले, "याला कलेजी घालता काय?" आमची मान खाली गेली.

त्यांनी समजावून सांगितले ते असे. बहुतेक कुत्र्यांच्या यकृतात यूरिक आम्लाचे रूपांतर पाण्यात सहज विरघळणाऱ्या दुसऱ्या पदार्थात होते. डालमेशियनच्या यकृतातही ते काम करणारा रस असतो, पण यूरिक आम्लाला पेशींच्या आत वाहून नेणारी व्यवस्थाच बिघडलेली असते. त्यामुळे ते आम्ल लघवीवाटे बाहेर पडते आणि काहींच्या बाबतीत त्याचे खडे बनतात. कलेजी, तारलीसारखी मासळी यांनी त्यात भर पडते. हा दोष एखाद्या कुत्र्याचा नव्हे. पिढ्यानपिढ्या आपसातच पैदास केल्याने तो साऱ्या जातीत पसरला, इतका की शुद्ध रक्ताच्या डालमेशियनांत त्यापासून मुक्त असा एकही उरला नाही. ज्या अर्थी मोतीचे कागद चोख होते, त्या अर्थी त्याचा दोषही चोख होता.

यावर उपाय निघाला होता. १९७३ साली अमेरिकेतील डॉ. रॉबर्ट शायबल या आनुवंशशास्त्रज्ञाने एका डालमेशियनचा पॉइंटर जातीच्या कुत्र्याशी एकदाच संकर केला. पॉइंटरमध्ये हा दोष नव्हता. पुढील प्रत्येक पिढी त्यांनी पुन्हा डालमेशियनशीच जुळविली आणि दर वेळी ज्या पिलांत निर्दोष गुण आला तीच पुढे ठेवली. काही पिढ्यांतच ती दिसण्यात, धावण्यात, स्वभावात पुरी डालमेशियन झाली. पॉइंटरचे रक्त नाममात्र राहिले, फक्त तो एक उपकारक गुण टिकला. १८८४ साली स्थापन झालेल्या अमेरिकन केनेल क्लबने १९८१ साली अशा दोन कुत्र्यांची नोंदणी केली. पण जातीचे अभिमानी खवळले. आमच्या वंशात भेसळ नको, असा गलबला झाला आणि नोंदणी थांबली. ती पुन्हा खुली झाली २०११ साली. मधली तीस वर्षे औषध हाताशी होते आणि कुत्र्यांना मूतखडे होत होते. कशासाठी? तर कागद स्वच्छ राहावा म्हणून.

हे ऐकले आणि आम्हाला १९६२ साल आठवले. आम्ही तेव्हा अगदी लहान, पण घरात पुढे कितीतरी वर्षे त्याची चर्चा चाले. इस्राएलात गेलेल्या आपल्या बांधवांच्या विवाहाची नोंद करताना त्यांच्या आईकडील पूर्वजांची शक्य तितक्या मागच्या पिढ्यांपर्यंत चौकशी करावी, अशी सूचना मुख्य रब्बी-मंडळाने काढली होती. कोकणच्या खेड्यांत ज्यांनी शतकानुशतके शब्बाथ पाळला, ज्यांना शेजारीपाजारी शनिवार तेली म्हणून ओळखीत, त्यांच्याकडे आता आजीच्या आजीचा दाखला मागितला गेला. आपल्या लोकांनी १९६४ च्या उन्हाळ्यात यरुशलेमात धरणे धरले. ऑगस्टमध्ये क्नेसेटने बेने इस्रायल हे सर्व बाबतींत यहुदीच आहेत असे जाहीर केले आणि त्यानंतर त्या सूचनेतून आपल्या समाजाचे नाव गेले. तो अपमान आपण विसरलो नाही, आणि विसरूही नये.

परंतु येथेच थांबलो तर लेख लिहिणे सोपे होईल आणि खोटेही होईल. दुसऱ्याने आपले कागद मागितले तेव्हा आपल्याला झोंबले. आपण मात्र आपल्याच माणसांचे कागद मागत होतो. गोरे इस्रायल आणि काळे इस्रायल हा भेद कोणी परक्याने आपल्यात आणला नाही. ज्यांच्या आजी-पणजींपैकी कोणी ज्ञातीबाहेरची होती त्यांना आपल्या वडिलधाऱ्यांनी काळे म्हटले, त्यांच्याशी सोयरीक टाळली. ती माणसे तीच प्रार्थना म्हणत होती, तोच उपास धरीत होती.

आता आमचे स्वतःचे सांगतो. सुमारे पस्तीस वर्षांपूर्वी, आम्ही ठाण्यास असताना, नात्यातल्या एका मुलासाठी एक मुलगी सांगून आली. शिकलेली, शांत, घरकामात आणि प्रार्थनेत सारखीच तरबेज. मुलाची पसंती होती. तेवढ्यात एका वृद्ध नातलगाने कानाशी लागून सांगितले की त्यांच्या पणजोबांच्या घराविषयी लोक काही बोलत असत. आम्ही शिक्षक, म्हणून चार माणसांत आमच्या शब्दाला मान. आम्हाला विचारले गेले. आम्ही "नको" म्हटले नाही, आम्ही म्हटले, "जरा चौकशी करावी." तेवढ्याने काम झाले. सोयरीक मोडली. मुलीकडच्यांना कारण कोणी सांगितले नाही, पण त्यांना कळले असणारच. अशी कारणे न सांगताही कळतात.

मोतीच्या डॉक्टरांसमोर मान खाली गेली ती केवळ कलेजीमुळे नव्हे.

तर मग प्रश्न असा की शुद्धता म्हणजे नेमके काय? जात, वंश यांत काहीच अर्थ नाही असे आम्ही म्हणणार नाही. ते खरे नाही. पॉइंटरचे पिलू न शिकविता पक्ष्यापुढे थबकते, मेंढरे वळविणाऱ्या जातीचे पिलू घरातल्या मुलांनाच वळवू पाहते. पण स्वभावाचा प्रश्न निराळा. २०२२ साली अमेरिकन शास्त्रज्ञांनी अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांची माहिती त्यांच्या मालकांकडून गोळा केली आणि दोन हजारांहून अधिक कुत्र्यांचे जनुक तपासले. त्यांना असे आढळले की एका कुत्र्याचे वागणे दुसऱ्याहून वेगळे असते त्या फरकापैकी अवघा ९ टक्के भाग जातीवरून सांगता येतो. आमच्या मुलाने प्राण्यांच्या आश्रयघरातून आणलेला बिस्किट हा कुत्रा कोणत्या जातींचा मिळून झाला आहे ते देवच जाणे. पण मोतीच्या शस्त्रक्रियेनंतर तो त्याच्याजवळ अंग टेकून बसून राहिला. त्याने मोतीचे कागद पाहिले नाहीत.

शिवाय कागद हा नेहमी मागाहून येतो. कनानी कुत्र्याचे उदाहरण घ्या. वाळवंटात बेदुइनांच्या तळांभोवती उकिरड्यावर जगणारी ही बेवारशी कुत्री. ऑस्ट्रियातून आलेल्या डॉ. रुडोल्फिना मेंझेल या विदुषींनी त्यांना गोळा केले, पहारा व सुरुंग शोधण्याचे काम शिकविले, त्यांची वंशावळ लिहावयास घेतली. आज तो इस्राएलचा राष्ट्रीय कुत्रा मानला जातो, आणि १९९७ साली अमेरिकन केनेल क्लबनेही त्याला जातिवंतांत जागा दिली. कालचा उकिरड्यावरचा कुत्रा आज जातिवंत ठरला. कुत्रा तोच होता. त्याची पारख करणारे कोणी तरी भेटले, इतकेच.

आपल्यालाही पारखणारा भेटला होता. परंपरा सांगते की दावीद रहाबी कोकणात आले तेव्हा त्यांनी आपल्या पूर्वजांची परीक्षा घेतली. त्यांनी वंशावळ मागितली नाही. बायकांपुढे मासळीची टोपली ठेवली. बायकांनी खवले व पर असलेले मासे एकीकडे केले, बाकीचे दूर सारले. रहाबींनी ओळखले की ही आपली माणसे. आचरणावरून ओळखले. मासळीच्या त्या टोपलीहून मोठा दाखला आपल्या समाजापाशी दुसरा नाही, असे आम्हास वाटते. २०१६ साली शास्त्रज्ञांनी बेने इस्रायलांच्या रक्ताचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात यहुदी वंश व हिंदी वंश दोन्ही भरपूर आढळले. म्हणजे गोरे काय आणि काळे काय, आपण सारेच मिश्र. ज्याने त्या मुलीच्या पणजोबाची चौकशी केली त्याच्याही रक्तात तेच पाणी.

यावर कोणी म्हणेल, "गुरुजी, हे सारे ठीक, पण आपला समाज मूठभर. अमेरिकेत मुले वाटेल तेथे लग्ने करतात. कुंपण काढले तर शेत राहील काय?" हा प्रश्न खोटा नाही. आम्हालाही त्याची काळजी रात्री जागवते. आमच्या नातवंडांपैकी एकालाही मराठी वाचता येत नाही. धर्मशास्त्राचे नियम धर्मशास्त्राचे जाणकार पाहतील. त्यांत ढवळाढवळ करण्याचा आमचा अधिकार नाही. पण कुत्र्याची उपमा येथे संपते हे सांगितले पाहिजे. कुत्र्याला आपला वारसा फक्त रक्तातून देता येतो. ठिपके पिलाला शिकविता येत नाहीत. माणसाला मात्र शेमा शिकविता येतो, मालिद्याचे ताट कसे वाढावे ते शिकविता येते, एलियाहू हन्नाबीचे नाव का घ्यावयाचे ते सांगता येते. मोआबी रूथ बाहेरून आली, सासूबरोबर चालत आली, आणि तिच्या वंशात दावीद राजा झाला; शावुओथच्या सणाला तिचेच पुस्तक वाचतात. कुंपण हवे असेल तर ते शिकविण्याचे असावे. ज्या घरात शुक्रवारी दिवे लागत नाहीत त्या घराचे रक्त कितीही निर्भेळ असले तरी तेथे काय टिकले आहे? आणि शिकविणे म्हणजे कष्ट. चौकशी करणे त्या मानाने फार सोपे. म्हणून आपण चौकशी करतो.

नातीला आम्ही दुसऱ्या दिवशी उत्तर दिले. म्हटले, "बाळ, आपले कागद नाहीत. तू शुक्रवारी दिवे लावतेस आणि माशाचे खवले बघून मासा घेतेस, तेच आपले कागद." तिने थोडा विचार केला आणि विचारले, "मग बिस्किटचेही तसेच का?" आम्ही म्हटले, "होय. तो मोतीजवळ बसून राहिला, तेच त्याचे कागद."

आणखी एक करावयाचे राहिले होते. देवाविरुद्ध केलेल्या पापाची क्षमा योम किप्पूरला मिळते. माणसाविरुद्ध केलेल्या पापाची क्षमा त्या माणसाची समजूत घातल्याखेरीज मिळत नाही, असे आपले शास्त्र सांगते. पस्तीस योम किप्पूर आम्ही उपास धरून, पांढरी वस्त्रे नेसून उभे राहिलो आणि ही एक गोष्ट तशीच ठेवली. ती मुलगी आता आजी झाली आहे, दूर देशी सुखात आहे असे ऐकतो. तिचा पत्ता मिळविला आणि मराठीत पत्र लिहिले. त्यात आम्ही काय बोललो होतो ते लिहिले आणि ते चूक होते असे लिहिले. उत्तर मागितले नाही. ते मागण्याचा हक्क आम्हाला नाही.

वाचकहो, आपल्यापैकी ज्यांच्या हातून अशी एखादी "चौकशी" झाली असेल त्यांनी एलूल महिन्याची वाट पाहू नये. टपालखाते रोज उघडे असते.

सर्वांना शालोम.