सुपाबाहेरचा दाणा

योग्य मनुष्यास योग्य स्थान मिळतेच, थोडा विलंब लागला तरी मिळते, असा एक विश्वास सुशिक्षित समाजात रूढ आहे. ‘प्रयत्नांती परमेश्वर’ ही म्हण मुलांच्या कानांवर घालताना आपण सर्वजण त्याच विश्वासाची उजळणी करीत असतो. त्याच्या पुष्ट्यर्थ जे दाखले देण्यात येतात त्यांत खेळाडूंचे दाखले फार. कारण खेळातील यश आकड्यांनी मोजता येते, आणि आकड्यांपुढे वाद खुंटतो अशी समजूत आहे. असाच एक दाखला आम्ही येथे तपासावयास घेतला आहे. तो अमेरिकेतील आहे, आणि ज्या खेळातला आहे तो आमच्या बहुतेक वाचकांनी पाहिलेलाही नसेल. तथापि तेथील निवडीची पद्धत इतकी उघडी व काटेकोर आहे की, योग्यता म्हणजे नेमके काय हा प्रश्न तेथे जितका स्वच्छ मांडता येतो तितका आपल्या कचेऱ्यांत किंवा परीक्षागृहांत मांडता येत नाही.

अमेरिकन लोक ज्यास फुटबॉल म्हणतात त्यात पायापेक्षा हातांचेच काम अधिक. अंडाकृती चेंडू एकाने फेकावयाचा आणि दुसऱ्याने धावत जाऊन तो झेलावयाचा. या झेलणाऱ्यास ‘वाइड रिसीव्हर’ असे नाव आहे. धंदेवाईक संघ ३२. दरवर्षी महाविद्यालयांतून बाहेर पडणारे खेळाडू हे संघ पाळीपाळीने निवडून घेतात, आणि गेल्या वर्षी जो संघ सर्वांत दुबळा ठरला त्याची पाळी पहिली. या निवडीस ‘ड्राफ्ट’ म्हणतात. फिलाडेल्फियाच्या संघाचा मालक बर्ट बेल याने ही कल्पना १९३५ साली मांडली व १९३६ साली पहिली निवड झाली. श्रीमंत संघांनीच सारे चांगले खेळाडू पळवू नयेत, हा तिचा हेतु. हेतु न्यायाचाच होता, परंतु तो न्याय संघासंघांतला होता, खेळाडूखेळाडूंतला नव्हे. हा भेद वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण पुढील सर्व घोटाळा त्यातून उद्भवतो. (जाता जाता सांगावयास हरकत नाही की, त्या पहिल्या निवडीत ज्याचे नाव सर्वांआधी पुकारले गेले तो जे बरवँगर धंदेवाईक सामना एकदाही खेळला नाही.)

२००४ सालच्या निवडीत सात फेऱ्या होऊन २५५ नावे पुकारली गेली. पहिल्या फेरीतच सात झेलकरी उचलले गेले. त्यांतला लॅरी फिट्झजेराल्ड पुढे मोठा नावारूपास आला. दुसऱ्या एकाच्या नावावर साऱ्या कारकीर्दीत अवघे सात झेल जमा झाले. त्या २५५ जणांत वेस वेल्कर हे नाव नव्हते.

हा ओक्लाहोमा सिटीचा मुलगा. उंची ५ फूट ९ इंच, वजन सुमारे १८५ पौंड. त्या खेळातील दांडग्यांत अगदी ठेंगणा. निवडीपूर्वी इंडियानापोलिस येथे निवडक तरुणांना बोलावून त्यांची मोजमापे घेतात: चाळीस यार्ड किती सेकंदांत धावतो, उभ्या जागेवरून किती उंच उडतो, वजन किती वेळा उचलतो. वेल्करला तेथे बोलावणेच आले नाही. वास्तविक टेक्सास टेक विद्यापीठात चार वर्षांत त्याने २५९ चेंडू झेलले होते, ३,०६९ यार्ड मजल मारली होती, आणि प्रतिपक्षाने लाथाडलेला चेंडू उचलून आठ वेळा थेट शेवटच्या रेषेपार नेला होता. म्हणजे काम करून दाखवलेला मनुष्य पारखणारांसमोर होता. पण पारखणारांच्या हाती गज होता, आणि गजाने कर्तृत्व मोजता येत नसल्यामुळे त्यांनी उंची मोजली.

पुढील हकीकत लोक मोठ्या चवीने सांगतात. ज्याची निवड झाली नाही त्यास वाटेल त्या संघाशी करार करण्याची मुभा असते. (निवडलेला मात्र निवडणाराच्या दावणीस बांधला जातो, नाकारलेल्याच्या वाट्यास स्वातंत्र्य यावे, ही त्या पद्धतीतील एक गंमतच आहे.) वेल्करने सॅन डिएगोच्या संघाशी करार केला, कसोटीच्या दिवसांत टिकून राहिला, आणि हंगामातील पहिला सामना होताच त्याची जागा दुसऱ्यास देऊन त्यास काढून टाकण्यात आले. मग मायामीने त्यास ठेवून घेतले. १० ऑक्टोबर २००४ रोजी मायामीचा सामना त्या वेळच्या विजेत्या न्यू इंग्लंडशी होता. चेंडू लाथेने खांबांमधून धाडणारा मायामीचा खास गडी नेमका त्याच दिवशी जायबंदी झाला. शाळेत असताना वेल्कर ते काम करीत असे. म्हणून त्यास पुढे करण्यात आले. त्याने २९ यार्डांवरून चेंडू खांबांमधून मारला, जोडगुण मिळवला, सामना सुरू करणारी लाथ मारली, शत्रूकडून आलेले दोन्ही प्रकारचे चेंडू घेऊन धावला, आणि प्रतिपक्षाच्या गड्यास आडवेही केले. एकाच सामन्यात ही सारी कामे करणारा तो त्या संघटनेच्या इतिहासातील दुसराच खेळाडू. सामना मायामीने २४–१० असा गमावला.

२००६ साली त्याने मायामीसाठी ६७ चेंडू झेलले. २००७ साली न्यू इंग्लंडने त्यास विकत घेतले आणि त्याच्या बदली निवडीतील आपल्या दोन पाळ्या मायामीस देऊन टाकल्या: एक दुसऱ्या फेरीतील, एक सातव्या. तीन वर्षांपूर्वी ज्याच्यावर ३२ संघांपैकी एकानेही एक पाळी खर्चिली नाही त्याची किंमत आता दोन पाळ्या झाली. त्याच वर्षी त्याने ११२ चेंडू झेलले. साऱ्या संघटनेत त्याहून अधिक कोणीच झेलले नाहीत. पुढे २०१२ पर्यंतच्या सहा वर्षांत पाच वेळा त्याने शंभरी ओलांडली.

येथे थांबून म्हण सांगून मोकळे होणे सोपे आहे. आम्हांस मात्र या कथेत दुसरेच काही दिसते. वेल्करला विद्यापीठात प्रवेश व शिष्यवृत्ती मिळाली ती दुसऱ्या एका मुलाने आयत्या वेळी आपला शब्द फिरवला म्हणून. मायामीत त्याच्याकडे साऱ्या देशाचे लक्ष गेले ते दुसऱ्या एकाच्या पायास दुखापत झाली म्हणून. प्रयत्न त्याचा खराच. परंतु प्रयत्न हा दाराशी उभा होता, दार उघडले ते दुसऱ्याच्या माघारीने आणि दुसऱ्याच्या दुखण्याने. तितकाच सराव केलेला, तितकाच चिवट असा दुसरा एखादा ठेंगणा तरुण आपण कल्पू. फरक इतकाच की त्याच्या वेळी कोणाचाही पाय दुखावला नाही. त्याच्या प्रयत्नाचे नैतिक मोल वेल्करच्या प्रयत्नाहून कमी मानावयाचे काय? जी म्हण यशस्वी मनुष्याचे कौतुक करते तीच या दुसऱ्यास निमूटपणे आळशी ठरवते, आणि आमचा तिच्यावर आक्षेप आहे तो यासाठीच.

दुसरा मुद्दा याहून खोल आहे. २००४ चा वेल्कर आणि २००७ चा वेल्कर यांत अंतर किती? तीन वर्षांच्या अनुभवाने तो सुधारला असेल, पण एक इंचही वाढला नव्हता. न्यू इंग्लंडच्या खेळाची रीतच अशी होती की, चेंडू फेकणारा टॉम ब्रेडी जवळच्या जवळ, झटपट चेंडू द्यावयाचा, आणि तो मधल्या गर्दीत शिरून, दोन पावलांत वळून घेणारा कोणी हवा होता. त्या ठिकाणी ठेंगणेपणा हा दोष राहिला नाही. भारी अंगाच्या रक्षकांना जे वळण जमत नसे ते त्यास जमे. यावरून असे म्हणावे लागते की, गुण हा केवळ मनुष्याच्या ठायी नसतो, तो मनुष्य आणि स्थान यांच्या मेळात असतो. नाण्यास चांदीचे वजन असावे तशी मनुष्यास योग्यता असते, ही आपली कल्पना मुळातच तपासून पाहिली पाहिजे. चांदी कोणत्याही तागडीत तितकीच भरते. वेल्कर सॅन डिएगोत एक सामना भरला आणि न्यू इंग्लंडमध्ये सहा वर्षे.

यावर कोणी म्हणेल की, मग निवड करावयाचीच कशी? पारखणारा काही त्रिकालज्ञ नव्हे. त्याची चूक म्हणजे अन्याय नव्हे. हे आम्हांस मान्य आहे. सुपाने पाखडताना एखादा दाणा बाहेर उडावयाचाच, म्हणून कोणी पाखडणे सोडीत नाही. परंतु चूक एकाच बाजूस पडू लागली, ठेंगणे तेवढेच नेहमी उडू लागले, तर ती चूक हाताची नसून सुपाच्या घडणीची आहे, आणि ते जाणूनही जो तेच सूप वापरतो त्यास निर्दोष म्हणता येत नाही. शिवाय घरातील शहाणी बाई पाखडल्यावर अंगणात उडालेले पुन्हा एकदा नजरेखाली घालते. हे दुसऱ्यांदा पाहणे कोणा वेल्करच्या नशिबावर सोपवले गेले तर तो उपकार होतो. ते पद्धतीतच असले तर त्यास न्याय म्हणता येईल.

आणि परमेश्वराचेच म्हणावयाचे तर, वेल्कर तीन वेळा अखेरच्या सामन्यापर्यंत पोहोचला, २००८, २०१२ व २०१४ या वर्षी, आणि तिन्ही वेळा त्याचा संघ हरला. म्हण सांगणारे हा भाग बहुधा गाळतात.

२०१७ पासून तो स्वतः प्रशिक्षक झाला. ह्यूस्टन, सॅन फ्रान्सिस्को आणि २०२२ पासून तीन हंगाम मायामी, असा त्याचा प्रवास आहे. ज्या संघासाठी त्याने एकदा लाथेने चेंडू मारला होता तेथे आता तो पारखणारांच्या बाजूस उभा होता. ऑगस्ट अखेर प्रत्येक संघास ९० जणांतून ५३ ठेवावे लागतात, म्हणजे ३७ जणांस मुख्य संघाबाहेर काढावे लागते. त्यांत ज्यांचे नाव कोणी पुकारले नाही असे ठेंगणे झेलकरी दरवर्षी असतातच.