नाजूक वस्तूचा दोष कुणाच्या माथी?

राळेगणसिद्धी म्हटले की श्रमदान, पाणलोट आणि अण्णा हजारे आठवतात. मला त्या गावातला गळका तलाव आठवतो. १९७२ च्या दुष्काळात सरकारी कामातून झालेला पाझर तलाव पाणी धरेना. (पाझर तलावाचे पाणी जमिनीत मुरावे, बांधातून वाहून जाऊ नये, एवढीच अपेक्षा असते.) १९७५ मध्ये अण्णा गावी परतले. त्यानंतर गावकऱ्यांनी स्वतः खपून तो दुरुस्त केला आणि खालच्या विहिरींना पाणी आले. बांधणाऱ्याची चूक गावाला सुधारता आली, कारण तलाव माती-दगडाचा होता. गळती शोधता येत होती, बुजवताही येत होती.

आज खेड्यापाड्यांतल्या खिशांत जे चकचकीत यंत्र असते, त्याचे तसे नाही. ते डिंकाने चिकटवून बंद केलेले असते आणि त्याचा बारीकपणा हाच त्याचा मोठेपणा म्हणून सांगितला जातो.

सप्टेंबर २००५ मध्ये अॅपलने 'आयपॉड नॅनो' हे गाणी ऐकण्याचे यंत्र आणले. जाडी सात मिलिमीटरहूनही कमी. काही आठवड्यांतच तक्रारी सुरू झाल्या : पडदा तडकतो, खिशात ठेवल्यानेच ओरखडे उठतात. तडकलेले पडदे कंपनीने बदलून दिले. हा एका खेपेतला दोष, हजारात एखाद्यालाही जेमतेम भोवणारा, असे तिचे म्हणणे होते. ओरखड्यांसाठी मात्र सल्ला मिळाला, की वस्तू आवरणात ठेवा. आवरणात ठेवायची तर तो सडपातळपणा कुणाला दाखवायचा, हे कोणी विचारायचे?

दोष लपवून माल विकू नये, हे आपल्याला नवे नाही. मदिनेच्या बाजारात धान्याच्या राशीत हात घालून पैगंबरांनी (स.) आतला ओलावा शोधला आणि ओले धान्य वर का ठेवले नाही, असे विक्रेत्याला विचारले, ती हदीस आपण मदरशात ऐकलेली असते. ऐब निघाला तर माल परत करण्याचा हक्क फिकहने दिला आहे. पण त्याच फिकहचा आणखी एक नियम आहे : ऐब माहीत असूनही घेतले, तर तक्रार उरत नाही. आजचा विक्रेता नेमका याच नियमाचा आडोसा घेतो. काच तुम्हाला दिसत होती ना? बारीक वस्तू तुम्हालाच हवी होती ना?

हवी होती, हे खरेच. पण काच दिसणे आणि ती किती दिवस टिकेल हे कळणे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. वस्तू किती उंचीवरून टाकून पाहिली, किती वेळा वाकवली, हे बनवणाऱ्याला ठाऊक असते. गिऱ्हाइकाला फक्त चकाकी दिसते. येथे ओले धान्य तळाशी दडवलेले नाही, ते वरच मांडले आहे आणि त्यालाच सौंदर्य म्हटले आहे. माझ्या मते हा जास्त चलाख सौदा झाला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने वस्तूच्या रचनेतल्या दोषाचीही जबाबदारी उत्पादकावर टाकली, ती योग्यच. पण तडकलेल्या पडद्यासाठी रोजंदारी बुडवून जिल्हा आयोगाची पायरी किती जण चढणार?

ते जातात गल्लीतल्या दुरुस्तीच्या दुकानात. घड्याळ, रेडिओ, गॅरेज आणि आता मोबाइल, या कामांवर आपल्या कित्येक घरांची चूल पेटते. स्वतःच्या धंद्यावर जगणाऱ्यांचे प्रमाण मुस्लिमांत अधिक असल्याचे सच्चर समितीने २००६ मध्येच नोंदवले आहे. चिकटवलेले यंत्र उघडायला तो पोरगा गरम हवा देतो, पातळ पाते आत सरकवतो. काच हळूच निघाली तर निघाली. नाही तर आधीची एक चीर होती तिथे दोन होतात आणि गिऱ्हाईक त्याच्यावरच आवाज चढवते. कंपनी त्या दुकानात नसतेच. नव्या काचेचे पैसे तो आपल्याच गल्ल्यातून काढतो.