पिठाचा कोंबडा, जांभळी कॉफी

माझ्या नणंदेची मुलगी फिलिपिन्समध्ये, दवाओ शहरात डॉक्टरकी शिकते. आपल्याकडची बरीच मुलं हल्ली तिकडे जातात. गेल्या उन्हाळ्यात ती सुट्टीला बेळगावला आली. तिच्या बॅगेतून सुकवलेल्या आंब्याची पाकिटं निघाली आणि मोज्यात गुंडाळलेली, बोटभर उंचीची एक बाटली निघाली. आत शाईसारखं गडद जांभळं काहीतरी होतं. "मामी, हे उबे. आज तुला याची फेटलेली थंड कॉफी पाजते."

उबे म्हणजे काय, ते तिने मोबाइलवर दाखवलं. बाहेरून मातकट, खडबडीत. कापलं की आत जांभळं. मी म्हटलं, "अगं, हे तर कोनफळ!" थंडीत आमच्या बाजारात येतं. माझी बहीण बडोद्याला असते, तिकडे तर कोनफळाशिवाय उंधियो होत नाही; आणि 'जैन उंधियो' म्हणजे त्यातून आधी काय काढायचं, तर हेच. फिलिपिन्समध्ये मात्र ते जेवणातलं नाही, गोडातलं. किसून, दूध-साखर-लोणी घालून तासभर घोटतात, त्याला हलाया म्हणतात. शब्द स्पॅनिशमधून आलेला. मग आइस्क्रीममध्ये, केकमध्ये, पावात, सगळीकडे ते जांभळं. बोहोल नावाच्या बेटावर तर हा कंद चुकून हातून जमिनीवर पडला तर उचलून त्याचा मुका घेतात म्हणे. दुष्काळात त्याने माणसं जगवली, म्हणून हा मान. हे भाचीला तिच्या बोहोलच्या मैत्रिणीने सांगितलं होतं.

मला ते ऐकून गंमत वाटली आणि जरा ओशाळल्यासारखंही झालं. त्यांनी ज्याच्यात प्राण वाचवणारा पाहिला, त्याच्यात आम्ही अनंत प्राण पाहिले. आंबा, केळी, दुधी ही 'प्रत्येक' वनस्पती. कंदमूळ 'साधारण', म्हणजे एका देहात अनंत जीव. शिवाय कंद काढायचा तर अख्खं झाड उपटावं लागतं. म्हणून वर्ज्य. आदर दोन्हीकडे आहे, ताटात मात्र तो एकीकडेच वाढला जातो.

आमच्या घरात कंदमूळ येत नाही. सासूबाईंचा नियम आहे आणि घरात त्या जे खातात तेच आम्ही खातो. बाहेर यजमान बटाटेवडा खातात, ते सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी बोलत नाही. दक्षिणेकडच्या आमच्या समाजात असं बऱ्याच घरांतून आढळेल. पण या मुलीचं वेगळं होतं. परदेशी निघताना तिने आजीबरोबर जाऊन मुनिमहाराजांकडून नियम घेतला होता. कांदा, लसूण, बटाटा, कोणतंही कंदमूळ नाही. अठरा वर्षांची पोर, पण आपण होऊन घेतला होता.

तेव्हा मी आधी चष्मा लावला आणि बाटलीवरचं बारीक छापलेलं वाचलं. पाणी, एक द्रावक, कृत्रिम स्वाद, लाल रंग, निळा रंग. संपलं. कोनफळाचा त्यात अंशही नव्हता.

"बघ," ती म्हणाली, "नावाला पण नाही."

मला वाटलं, नावालाच तर आहे.

ज्यांना यशोधराची गोष्ट ठाऊक आहे त्यांच्या लक्षात आलं असेल मी कुठे अडखळले. उज्जैनीचा राजा यशोधर. अरिष्ट टळावं म्हणून देवीला पशुबळी दे, असा त्याची आई चंद्रमती हट्ट धरते. तो जीव मारायला तयार होत नाही. शेवटी आईचा मान राखायला मधला मार्ग निघतो: पिठाचा कोंबडा करायचा आणि त्याचा बळी द्यायचा. रक्त नाही, प्राण नाही, पीठ फक्त. आणि तेवढ्यासाठी मायलेकांना मोर आणि कुत्रा यांच्यापासून सुरू होणारी पशुजन्मांची रांग भोगावी लागते. सोमदेवसूरींनी ९५९ साली 'यशस्तिलक'मध्ये ही कथा संस्कृतात सांगितली, जन्न कवीने १२०९ मध्ये कन्नडात. आमच्या किल्ल्यातली कमल बसदी १२०४ ची. तिथे गेले की मला उगीच वाटतं, इथले दगड नवे असताना ही गोष्ट लोकांच्या तोंडी ताजी होती. गिरीश कर्नाडांनाही तिने सोडलं नाही, 'हिट्टिन हुंज' हे नाटक तिच्यावरच आहे. हिट्टिन हुंज म्हणजे पिठाचा कोंबडा.

ही गोष्ट आमच्याकडे केवळ पोथीत राहिलेली नाही. प्राण्यांच्या आकाराची बिस्किटं आम्हाला लहानपणी मिळाली नाहीत. संक्रांतीला कोणीतरी साखरेचा हत्ती दिला होता. मी तो हातात धरून हिंडत होते, पण चावायची परवानगी नव्हती. फोडायचाही नाही, फोडणं म्हणजे तेच. आईने दोन दिवसांनी तो पातेल्यातल्या पाण्यात सोडला आणि विरघळल्यावर लिंबू पिळून सरबत केलं. मी ते प्यायले. हत्ती कुठल्या क्षणी साखर झाला आणि पिणं निर्दोष झालं, हा प्रश्न मला तेव्हापासून आहे.

आणि स्वयंपाकघरातली रोजची उदाहरणं? बटाट्याच्या जागी कच्चं केळं उकडून वडा करतो, तो वडा कोणासारखा दिसावा म्हणून? लसणाच्या वासाची आठवण यावी म्हणून हिंग सढळ हाताने घालतो. 'जैन पावभाजी' हे नावच सांगतं की मूळ दुसरीकडे आहे. उलट ओलं आलं चालत नाही पण सुंठ चालते, ओली हळद नाही पण वाळलेली चालते. तिथे जीव निघून गेला, आणि सुंठीने कोणी पोट भरत नाही. म्हणजे आमचे नियम वस्तूकडे बघतात, मनाकडेही बघतात, आणि कधी कशाकडे बघायचं हे सवयीने ठरतं.

यशोधराच्या हातात पीठ होतं, पण मनात 'मी बळी देतो आहे' हे होतं. कोनफळाच्या स्वादाची कॉफी पिणाऱ्याच्या मनात कोणाला मारायचं असतं? कोणालाच नाही. त्याला चव हवी असते. अमृतचंद्राचार्यांनी 'पुरुषार्थसिद्ध्युपाय'मध्ये रागद्वेष उत्पन्न होणं हीच हिंसा म्हटली आहे. तसं धरलं तर चवीची ओढही सुटत नाही. पण मग श्रीखंडाची ओढही सुटत नाही, आणि आमरसाची तर नाहीच. व्याख्या इतकी मोठी झाली की चार वाजता कॉफी करायची की नाही हे ठरवायला ती उपयोगी पडत नाही.

म्हणून आम्ही कॉफी केली.

कृती सोपी आहे. दोन चमचे इन्स्टंट कॉफी, दोन चमचे साखर, दोन चमचे कडकडीत पाणी. एका खोलगट भांड्यात घालून फेटायचं. २०२०च्या टाळेबंदीत घरोघर जी 'दालगोना' झाली तीच ही. नाव एका कोरियन साखरेच्या मिठाईचं, पण कॉफी-साखर घोटून फेस काढणं आपल्याकडे जुनंच. आमच्या फिल्टरच्या डिकॉक्शनला असा घट्ट फेस येत नाही, त्याला झटपट कॉफीच लागते. यंत्राने तीन-चार मिनिटांत होतं. आमचं यंत्र बिघडलेलं होतं, म्हणून चमच्याने. आधी काळपट पाक, मग तपकिरी, मग फिकट होत जातो आणि चमचा उलटा धरला तरी पडत नाही. उंच ग्लासात बर्फ, थंड दूध, त्यात बाटलीतलं अर्धा चमचा ढवळायचं. दूध जांभळं होतं, अगदी शाळेतल्या रंगपेटीतलं. त्यावर हा फेस अलगद ठेवायचा.

चमच्याने फेटायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. हात भरून आला की दुसरीने घ्यायचं. तिची पाळी चालू असताना, माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "मामी, मी खाल्लं आहे ते. खरं."

नाताळात मैत्रिणीच्या घरी गेली होती. मैत्रिणीच्या आईने सकाळपासून चुलीपुढे उभं राहून हलाया घोटला होता आणि पहिला चमचा पाहुणीला म्हणून हिच्यापुढे धरला होता. "नाही कसं म्हणणार होते?"

मी म्हटलं, "एक चमचा ना. त्या बाईचं मन मोडलं नाहीस."

तिने फेटणं थांबवलं. "दुसरा चमचा मी मागून घेतला."

यावर मी काही बोलले नाही. बोलण्यासारखं होतं, पण सुचलं नाही. "आजीला सांगू नकोस," ती म्हणाली. मी मान हलवली, होय की नाही ते मलाही नीट ठाऊक नव्हतं.

ग्लास भरेपर्यंत सासूबाई जपाची माळ ठेवून बाहेर येऊन बसल्या. त्यांनी ग्लासाकडे बघितलं. "जांभळं काय आहे गं?"

खोटं बोलायचं नव्हतं. मी म्हटलं, "आई, कोनफळाच्या चवीचं आहे. पण कोनफळ नाही त्यात, मी वाचून बघितलंय. नुसता वास आणि रंग."

त्या नातीकडे वळल्या. रागावून नाही, साधं विचारावं तसं विचारलं, "कोनफळासारखंच लागतं हे तुला कसं कळलं?"

मी इतका वेळ बाटलीवरची बारीक अक्षरं वाचत होते, हत्ती आणि कोंबडा आठवत होते. हा प्रश्न मला शिवला नव्हता. मी कोनफळ कधीच खाल्लं नाही. माझ्यासाठी त्या ग्लासात व्हॅनिलासारखा, जरा शहाळ्यासारखा वास होता, बस. तो कशाची नक्कल आहे हे माझ्या जिभेला माहीत नव्हतं. तिच्यासाठी त्यात नाताळची सकाळ होती, ती बाई होती आणि दुसरा चमचा होता. ग्लास दोन्ही सारखेच. पिठाच्या कोंबड्यात कोंबडा दिसायला आधी कोंबडा पाहिलेला असावा लागतो.

पोर रडली नाही. म्हणाली, "खाल्लं मी, आजी. दोनदा."

सासूबाई थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "गोड असतं?"

"हो."

"बरं. वितळेल ते, पिऊन घ्या तुम्ही." आणि उठता उठता, "बर्फ घातलाय ना त्यात?"

बावीस अभक्ष्यांत गारा येतात, हिम येतं, हे मला पाठ आहे. कंदाच्या नावावरून मी एवढा तत्त्वविचार केला आणि ग्लासात खळखळ वाजणाऱ्या बर्फाकडे माझं लक्ष गेलं नाही. आमच्या फ्रिजमध्ये बर्फाचा ट्रे बारा महिने असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या कॉफीत मी साखर घालायला गेले तर त्यांनी हात आडवा केला. "नको."

"किती दिवस?"

"ती शिकून परत येईपर्यंत." म्हणजे आणखी दोन वर्षं. वय ऐंशीच्या पुढे.

त्या तिला एका शब्दाने बोलल्या नाहीत. उलट मलाच बजावलं, "तिला ओरडू नकोस, विचारल्यावर खरं सांगितलं तिने." पण बिनसाखरेची कॉफी रोज सकाळी त्या सगळ्यांसमोर बसून पीत राहिल्या, आणि ती पोर सुट्टीचे उरलेले अकरा दिवस समोर बसून ते बघत राहिली. जाताना तिचे डोळे सुजलेले होते. हे प्रायश्चित्त कोणाचं, हे मला सासूबाईंना विचारायचं होतं. दुसऱ्याच्या चुकीसाठी आपण रस सोडला तर त्याने तिच्या कर्मातलं काही झडत नाही. आपला धर्म याबाबतीत फार स्पष्ट आहे, ज्याचं त्याला. मग उरतं काय? प्रेम उरतं, हे मी मान्य करते. पण न ओरडता केलेली शिक्षाही उरते. एखाद्या मुलीचं मन असं महिनोन्‌महिने थोडं थोडं दुखत राहणं, याला 'पुरुषार्थसिद्ध्युपाय'ची मोठी व्याख्या लावली तर ते कुठे बसतं? कोनफळातले जीव मला दिसले नाहीत, मी ते मानते. हिचा जीव मला दिसत होता.

यजमानांना हे बोलून दाखवलं तर ते म्हणाले, "तू आईला सांग." ते त्यांनी स्वतः का सांगू नये, हा वेगळा विषय आहे.

दवाओहून तिचा फोन येतो. अभ्यास, पाऊस, मेसमधली डाळ असं सगळं झालं की शेवटी विचारते, "आजी अजून तशीच पिते?" मी हो म्हणते. मागच्या वेळी म्हणाली, "मामी, ती बाटली टाकून दे." टाकते म्हटलं. टाकलेली नाही. फ्रिजच्या दारात, बर्फाच्या ट्रेच्या खाली उभी आहे. शेजारची मुलं आली की कधी कधी दुधात दोन थेंब घालून देते. त्यांच्यात कोणाला कोनफळ माहीत नाही, ती त्याला 'जांभळं दूध' म्हणतात.

सासूबाईंच्या कॉफीला आता सात महिने झाले. परवा डबा बदलताना चुकून माझ्या हातून चमचाभर साखर त्यांच्या कपात पडली. त्यांनी एक घोट घेतला, तोंड वेडंवाकडं केलं आणि कप मागे सारला. "शी! काय गोड केलंयस हे!" बिनसाखरेची त्यांना आवडूच लागली आहे की काय, हे मी अजून विचारलेलं नाही.