परक्या गावातील यजमान

आपल्या गावी, आपल्या माणसांत सण साजरा करताना सहसा नैतिक प्रश्न उभा राहत नाही. काय रांधायचे, कोणाला बोलवायचे, कोणाच्या घरी आधी जायचे, हे वाडवडिलांनी ठरवून ठेवलेले असते. प्रश्न उभा राहतो तो परमुलखात. तेथे आपण सण मांडला आणि स्नेह्यासोबत्यांना पंगतीला बसविले, तर तो सण कोणाचा? आपला, की पाहुण्यांचा?

२०२० सालच्या नाताळात अकलूजला हा प्रश्न माझ्यापुढे आला. माझ्या परिचयाचे वसईचे एक कॅथलिक कुटुंब नोकरीनिमित्त तेथे राहत होते. एरवी ते नाताळला गावी जात असे. साथीमुळे त्या वर्षी ते शक्य नव्हते. गळिताचा हंगाम सुरू होता. रस्त्यावर उसाने भरलेल्या गाड्या, हवेत मळीचा वास. नाताळ जवळ आल्याची खूण त्यांच्या घरातील गोठ्यावाचून दुसरी नव्हती. घर फार सुने वाटू लागले, तेव्हा पतिपत्नींनी ठरविले की, सणाच्या दुपारी चार स्नेह्यांना जेवायला बोलवायचे. पहिले आमंत्रण शेजारच्या काकांना गेले. काका माळकरी. आमंत्रण देऊन झाल्यावर लक्षात आले की, त्या वर्षी २५ डिसेंबरलाच मोक्षदा एकादशी आहे.

काका म्हणाले, "ताई, सण तुमचा आहे. तुम्ही तुमचं जेवा. मी आपला पाणी घेऊन बसतो."

घरात मात्र वाद झाला. पतीचे म्हणणे, त्या दिवशी सर्वांसाठी उपवासाचेच करावे. पत्नीला ते पटेना. आदल्या दिवशी तिने मला फोन केला. "फादर, आमच्याकडे नाताळला डुकराच्या मांसाचे कालवण नाही, असे कधी झाले नाही. आपला सण आपल्याच घरात लपवायचा का?"

तिचा प्रश्न खोटा नव्हता. पाहुण्याला बरे वाटावे म्हणून जो यजमान स्वतःला पुसून टाकतो, त्याच्या घरी पाहुण्याला भेटायला कोणी उरतच नाही. उलट, आपला थाट पाहायला पाहुण्याला बोलवावे, तर तो पाहुणा न राहता प्रेक्षक होतो. या दोहोंमधून वाट कशी काढावी?

माझ्या मनात प्रथम संत पौलाचा विचार आला. रोमकरांस पत्रात तो सांगतो की, खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये आणि अन्नापायी बंधूला अडखळवू नये. परंतु पौल तेथे विश्वासाने दुर्बळ असलेल्यांविषयी बोलतो. काका दुर्बळ नव्हते. त्यांचा उपवास हे त्यांचे बळ होते. त्यांना सवलत देण्याचा प्रश्न नव्हता, मान देण्याचा होता. मी बाईंना एवढेच म्हणालो, "सणातले काय सोडले तर नाताळ उरणार नाही, याचा विचार करा."

दुसऱ्या दिवशी मिस्सा अर्पण करून मी पोहोचलो. भांडी वेगळी घासून भगर, शेंगदाण्याची आमटी, उकडलेली रताळी असा बेत होता. कालवण संध्याकाळसाठी राखून ठेवले होते. सर्वजण एकच अन्न जेवले. मात्र जेवणापूर्वी गोठ्यासमोर दिवा लावून बाईंनी येशूजन्माचा वृत्तान्त मोठ्याने वाचला, मुलांनी नाताळगीत म्हटले. काहीही लपविले नव्हते. धर्मशाळेत जागा न मिळालेल्या दांपत्याची हकिकत काका लक्ष देऊन ऐकत होते. मग म्हणाले, "यंदा आमच्या दारीही कोणी आलं नाही."

त्यांच्या बोलण्याचा रोख आम्ही ओळखला. आषाढात तुकोबांची पालखी अकलूजला मुक्कामाला येते, आणि काकांच्या अंगणात दरवर्षी अनोळखी वारकऱ्यांची पंगत बसते. २०२० मध्ये पायी वारी झाली नाही. पादुका एसटीने पंढरपूरला नेण्यात आल्या. काकांना त्या वर्षी पाहुणाच मिळाला नव्हता. सुने घर केवळ परगावच्या माणसाचेच असते, हा माझा समज तेव्हा गळून पडला.

सातासमुद्रापलीकडे राहिलेल्या मराठी माणसांनाही हा अनुभव नवा नाही. १८८३ साली आनंदीबाई जोशी अमेरिकेत न्यू जर्सीतील रोझेल गावी कार्पेंटर कुटुंबाकडे राहिल्या. त्या पाहुण्या होत्या. तरी आपल्या पद्धतीचे जेवण रांधून त्यांनी त्या घरच्या स्नेह्यांना वाढले. त्यांनी आपला शाकाहार सोडला नाही, आणि त्या घराने तो सोडावयास लावले नाही. १८८७ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाल्यावर त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आल्या, आणि त्यांनी त्या पोकीप्सी येथे आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवल्या. त्या घरात पाहुणा कोण आणि यजमान कोण, हे सांगणे पुढे कठीणच झाले असावे. सेमिनरीत लॅटिन शिकताना मला नवल वाटे की, 'होस्पेस' हा एकच शब्द यजमान आणि पाहुणा या दोन्ही अर्थी कसा चालतो. आता वाटत नाही.

एक शंका तरीही उरते. लूकच्या शुभवर्तमानात, चौदाव्या अध्यायात, प्रभू येशू सांगतो की, मेजवानीला मित्रांना बोलावू नका, ते परत बोलावून फेड करतील. ज्यांना फेड करता येत नाही त्यांना बोलवा. मग मित्रांची ही पंगत निष्फळ म्हणावी का? शिवाय त्या दांपत्याने ती घातली, ती काही अंशी स्वतःचा एकटेपणा घालविण्यासाठी. मला वाटते, प्रभूचा रोख मित्रांवर नाही, हिशेबावर आहे. आपल्यालाही पाहुण्याची गरज आहे, हे ज्याला कळले, त्याला उपकाराची वही ठेवता येत नाही. त्याचा एकटेपणा हा दोष नव्हे. तोच त्याला नम्र ठेवतो.

२०२२ मध्ये पालखी पुन्हा पायी अकलूजला आली. काकांनी त्या कुटुंबाला निरोप धाडला, "या, हात कमी पडताहेत." त्यांना जेवायला बोलावले नव्हते, वाढायला बोलावले होते. वसईची ती बाई भाकरीची टोपली घेऊन वारकऱ्यांच्या पंगतीतून फिरत होती. एका म्हाताऱ्या वारकऱ्याने तिला विचारले, "बाई, तुम्ही याच गावच्या का?"

ती म्हणाली, "हो."