कोणत्या ‘मी’ला विचारायचं?

२००४ साली नेदरलँड्समधल्या एका वैद्यकीय नियतकालिकात ६२ वर्षांच्या एका गृहस्थांची हकिगत छापून आली. नाव अर्थातच दिलेलं नव्हतं. त्यांना तीव्र कंपवात होता, आणि त्यासाठी मेंदूत खोलवर तारा बसवून त्यांतून सतत वीज सोडली जात होती. शरीर सुधारलं, पण पुढे विजेबरोबर उन्माद आला. पैसे उधळले, कर्ज झालं. औषधांनी उन्माद आवरेना, आणि वीज थांबवली की शरीर लाकडासारखं व्हायचं. मधला मुक्काम सापडेना. उरले दोन पर्याय. वीज बंद ठेवायची, म्हणजे डोकं शाबूत राहील, पण उरलेलं आयुष्य परावलंबी होऊन शुश्रूषागृहात काढावं लागेल. किंवा वीज चालू ठेवायची, म्हणजे हिंडता-फिरता येईल, पण उन्मादात, मनोरुग्णालयात.

निर्णय त्यांचाच, याबद्दल वाद नव्हता. वाद होता तो त्यांना कधी विचारायचं याचा. डॉक्टरांनी वीज बंद केली आणि मग विचारलं. त्यांनी विचार करून मनोरुग्णालय निवडलं. रीतसर कायदेशीर भरती झाली आणि वीज चालू ठेवली गेली.

मी आयुष्यभर महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवलं. संमतीच्या प्रश्नावर मुलांना द्यायला याहून चांगलं उदाहरण मला मिळालं नाही. मात्र वर्गात ते जितकं नेटकं वाटायचं तितकं घरात राहिलं नाही.

आधी यंत्राबद्दल थोडं. १९८७ साली फ्रान्समधल्या ग्रनोबल इथे आलीम-लुई बेनाबिद हे शल्यविशारद एका रुग्णाचा कंप थांबवण्यासाठी मेंदूतला एक ठिपका जाळणार होते. जागा बरोबर आहे ना हे पाहण्यासाठी आधी तिथे वीज सोडून बघायची पद्धत होती. सेकंदाला सुमारे १०० स्पंदनं या गतीला पोचल्यावर कंप थांबला, आणि वीज बंद केली की परत आला. मग जाळायचं कशाला, असा विचार पुढे आला. आज सबथॅलॅमिक न्यूक्लियस नावाच्या, जेमतेम डाळीच्या दाण्याएवढ्या भागात तारेची टोकं ठेवतात. तारा कवटीतून निघून कातडीखालून मानेवरून उतरतात आणि छातीवर, गळ्याच्या हाडाखाली बसवलेल्या बॅटरीच्या डबीला जोडलेल्या असतात. रुग्णाच्या हातात एक रिमोट. डॉक्टर मर्यादा आखून देतात, त्यांच्या आत वीज कमी-जास्त करता येते. जाळलेलं परत आणता येत नाही, ही वीज मात्र केव्हाही बंद करता येते, हा या उपचाराचा सगळ्यांत मोठा गुण. आणि माझ्या मते नैतिक अडचणही तिथूनच सुरू होते. जे कायमचं झालं त्याबद्दल कोणी रोज सकाळी उठून निर्णय घेत नाही.

मेंदूतल्या विजेची लोकांना जी भीती वाटत आली ती वेगळीच. १९६३ साली स्पेनमध्ये कोर्दोबाजवळ होसे देल्गादो या शास्त्रज्ञाने अंगावर धावून येणाऱ्या बैलाला बटण दाबून थांबवलं. बैलाच्या मेंदूत आधीच इलेक्ट्रोड बसवलेले होते. तेव्हापासून कुणीतरी दुष्ट माणूस दूर बसून आपल्या मेंदूची बटणं दाबतो आहे, हे चित्र चित्रपटांनी आणि कादंबऱ्यांनी पिकवलं. ज्या घरात हा रिमोट खरोखर आहे तिथे तो देवघराशेजारच्या फडताळात, चष्म्याच्या घरासोबत असतो. दुष्ट माणूस कोणी नसतो.

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे भाऊजी, बडोद्याला असतात. रेल्वेत हिशेबनीस होते. अबोल, काटकसरी. कंपवाताची दहा वर्षं झाल्यावर औषधांचा परिणाम दोन-दोन तासांत उतरू लागला, तेव्हा शस्त्रक्रिया झाली. हात थांबला. जेवणाचा घास तोंडापर्यंत नीट पोचू लागला, त्या दिवशी आक्काने शेजारीपाजारी पेढे वाटले. मग भाऊजी बोलू लागले. शाळेतल्या मित्रांना फोन लावू लागले, पहाटे तीनला उठून माळा आवरू लागले, मोठ्यांदा नाट्यगीतं म्हणू लागले. आक्काला आधी मजा वाटली. मग एक दिवस त्यांनी तिला न विचारता मुदत ठेव मोडून पुतण्याला धंद्यासाठी पैसे दिले, आणि वर तिला ऐकवलं, “चाळीस वर्षं मी तुझ्या माहेरच्यांच्या धाकात होतो.” (माहेरचे म्हणजे मी आणि माझे भाऊ. आम्हाला हे नवीन होतं.) आक्का त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. वीज किंचित उतरवली. रात्रीची झोप आली, गाणं थांबलं, डावा हात पुन्हा थोडा हलू लागला. मी भेटायला गेलो तेव्हा भाऊजी म्हणाले, “बसवलंत ना मला परत माझ्या जागी?”

आक्काचा प्रश्न साधा होता. “यांतले हे कोणते रे?”

पहिलं उत्तर सुचतं ते असं, की आजाराआधीचा माणूस तो खरा. पण आजाराआधीचा म्हणजे कोणत्या सालचा? कंपवात नुसता हात हलवत नाही. तो चेहऱ्यावरचे भाव पुसतो, आवाज खाली आणतो, उत्साह हिरावून घेतो. त्यावरची औषधंही स्वभावाला हात लावतात, काहींना जुगाराचा किंवा खरेदीचा नाद लावतात. शिवाय आक्कानेच सांगितलं, लग्नाआधी भाऊजी गणेशोत्सवातल्या नाटकांत कामं करत. म्हणजे पहाटे तीनला गाणारा माणूस विजेने नव्याने घडवला की जुनाच बाहेर आला, हे कसं ठरवणार? कदाचित दोन्ही नाही, नुसती जुळलेली गोष्ट.

आपल्याकडे मच्छिंद्रनाथांची कथा आहे. स्त्रीराज्यात रमलेल्या गुरूला गोरखनाथ मृदंगातून हाक घालून भानावर आणतात. लहानपणी मी अर्थातच गोरखाच्या बाजूचा होतो. पण कथा पुन्हा वाचताना एक गोष्ट खटकते. मच्छिंद्रांचा संसार तिथे उभा आहे, मुलगा आहे, आणि हा खरा गुरू नव्हे असं ठरवतो तो शिष्य, ज्याला आपला जुना गुरू हवा आहे. हाक प्रेमाची असेल, निःस्वार्थ नाही. भाऊजींची वीज उतरवून घेणाऱ्या आक्काबद्दल मला हेच म्हणायचं आहे, आणि यात तिला दोष देण्याचा हेतू नाही. मोडलेल्या ठेवीवर तिचंही म्हातारपण होतं.

म्हणून खरा कोण हा प्रश्नच मी सोडून दिला आहे. नेदरलँड्सच्या डॉक्टरांनी वीज बंद करून विचारलं ते मला योग्यच वाटतं, पण विजेविना असलेला माणूस अस्सल म्हणून नव्हे. कारण दुसरं आहे. अंथरुणावरच्या त्या माणसाला उन्मादातला माणूस दिसत होता. त्याने काय केलं, काय करील, त्याची किंमत काय, हे कळत होतं, आणि तरी त्याने त्याला निवडलं. उन्मादातल्या माणसाला अंथरुणावरचा दिसत नव्हता, कारण आपलं काही बिघडलंय हेच त्याला मान्य नसतं. एकाला दोघे दिसतात, दुसऱ्याला फक्त स्वतः. निर्णय पहिल्याकडे जायला हवा तो एवढ्यासाठी. अंथरुणाच्या भीतीने दिलेली संमती मोकळी कशी, असा आक्षेप घेता येईल. पण वेदनेत नसलेला माणूस कुठल्या शस्त्रक्रियेच्या कागदावर सही करतो?

भाऊजींच्या बाबतीत मात्र ही कसोटी अपुरी पडते. त्यांचा उन्माद त्या टोकाचा नव्हता. गाणाऱ्या भाऊजींना गप्प भाऊजी चांगले आठवत होते आणि नकोसे होते. गप्प भाऊजींनाही गाणारे आठवतात, मोडलेल्या ठेवीची त्यांना लाजही वाटते. दोघांना दोघे दिसतात. अशा वेळी एकाची सही दुसऱ्यावर बंधनकारक धरणं मला अन्याय वाटतो.

आपल्या २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात आगाऊ निर्देशाची तरतूद आहे. आपली निर्णयक्षमता गेली तर कोणते उपचार करावेत, कोणते करू नयेत, आणि आपल्या वतीने कोणी बोलावं, हे शहाणपणी लिहून ठेवता येतं. चांगला कायदा आहे. पण त्याच्या मनातलं चित्र असं, की क्षमता असते, जाते, कदाचित परत येते. दोन्ही अवस्थांत क्षमता आहे, आणि फक्त इच्छा उलट्या आहेत, अशा माणसाने निर्देश कोणत्या अवस्थेत लिहायचा?

त्यात बॅटरीचा खर्च. चार्ज न होणारी डबी तीन ते पाच वर्षांत बदलावी लागते आणि दर वेळी लाखांचा आकडा निघतो. वीज वाढवली तर ती लवकर संपते. गाणारे भाऊजी गप्प भाऊजींपेक्षा महाग आहेत, हे हिशेबनिसाच्या ध्यानात सगळ्यांच्या आधी आलं.

त्यांच्या डॉक्टरांनी एक मार्ग काढला आहे. दोन पायऱ्या बांधून दिल्या आहेत, एक वरची, एक खालची. कोणत्या दिवशी कोणती हे दोघांनी मिळून ठरवायचं. पैशांचे व्यवहार दोघांच्या सहीने. आणि एक वही, तिच्यात दोन रकाने. रोज रात्री दोघांनी आपापलं लिहायचं, एकमेकांचं न वाचता, आणि दर तीन महिन्यांनी ती वही दवाखान्यात न्यायची. गेल्या खेपेला दोघांनी मला ती दाखवली. खालच्या पायरीच्या दिवशी भाऊजींचं अक्षर ओळीच्या शेवटाकडे मुंगीएवढं होत जातं, वरच्या पायरीला ते रकान्याची रेघ ओलांडून आक्काच्या बाजूला जातं. श्रावणातल्या एका सोमवारी खालची पायरी होती. भाऊजींनी लिहिलंय, “चहा सांडला. शांत वाटलं.” आक्काच्या रकान्यात आहे, “आज घर फार गप्प होतं. उद्या वरची ठेवू या का, विचारायचं.”