कोयनेचे पाणी कोणाचे?

ज्याचे जे देणे असेल ते त्याला देणे, अशी न्यायाची जुनी व्याख्या नीतिशास्त्र सांगते. परंतु एकाच वस्तूवर तिघांचा हक्क असेल आणि त्यांपैकी एकाला वाचाच नसेल, तर तराजू कसा धरावा? सातारा जिल्ह्यातील कोयना धरण हा प्रश्न आपल्यापुढे ठेवते.

कोयना ही कृष्णेची उपनदी. तिची निसर्गदत्त वाट पूर्वेची. धरणाच्या शिवसागर जलाशयात सुमारे १०५ टीएमसी, म्हणजे १०५ अब्ज घनफूट पाणी मावते. त्यातील ६७.५ टीएमसी पाणी दरवर्षी पश्चिमेकडे वळविण्यास कृष्णा पाणीतंटा लवादाने मुभा दिली. हे पाणी सह्याद्रीच्या पोटातील बोगद्यांतून कोसळते, वीज निर्माण करते आणि वाशिष्ठी नदीवाटे अरबी समुद्राला मिळते. पूर्वेकडे सोडलेल्या पाण्यावर कराड-सांगलीकडची शेते आणि नळ अवलंबून आहेत. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजना कृष्णेचे पाणी दुष्काळी तालुक्यांकडे चढवितात; ते चढविण्यास पुन्हा वीजच लागते! तिसरा हक्कदार म्हणजे स्वतः नदी आणि जलाशयाभोवतीचे रान. पाऊस मुरविणारे आणि माती धरून ठेवणारे हे रान २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात मोडते.

पाऊस वेळेवर येत होता तोवर हा संसार कसाबसा चालला. आता हवामानच बदलत आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर महापुरात बुडाले. २०२३ साली पाऊस उणा पडला आणि सांगलीत कृष्णेचे पात्र कोरडे पडले. पुराच्या भयाने धरण रिते ठेवावे, तर पुढे दुष्काळाची धास्ती. भरून ठेवावे, तर पुराची.

मग टंचाईच्या वर्षी माघार कोणी घ्यावी? माझ्या मते कसोटी अशी असावी : ज्या गरजेला दुसरा पर्याय आहे, तिने आधी थांबावे. वीज अन्य मार्गांनीही मिळते. तहानेला पाण्यावाचून पर्याय नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पिण्याचे सुरक्षित पाणी हा मूलभूत मानवी हक्क म्हटला आहे, तो याच अर्थाने. तहानेनंतर नदीचा किमान प्रवाह यावा. उरलेसुरले ते नदीला, ही दानत नव्हे. नदीच आटली तर वाटायचे काय?

यावर एक आक्षेप रास्त आहे. जलविद्युत थांबवून कोळसा जाळला, तर पावसाचे तंत्र बिघडविणाऱ्या धुरातच आपण भर घालू. म्हणून ही कसोटी केवळ धरणाच्या दरवाजापाशी लावून भागत नाही. ती घरातील बटणापाशीही लावावी लागते. सायंकाळी सूर्य मावळला की सौरऊर्जा थांबते आणि मागणी चढते. काही मिनिटांत सुरू होणारी कोयनेसारखी केंद्रे त्याच वेळी लागतात. त्या घटकेला आपण वाचविलेली वीज हे कुणाच्या तरी वाट्याचे पाणी ठरू शकते.

पाणी, वीज आणि वन यांची खाती सरकारदरबारी वेगळी असतील. सृष्टीच्या वहीत हिशेब एकच आहे. त्या वहीत धरणासाठी गावे सोडलेल्यांचे देणेही लिहिलेले आहे, आणि त्यांपैकी अनेकांना पुनर्वसनासाठी पिढ्यान्‌पिढ्या झगडावे लागले. प्रकाश आपल्या घरी आणि अंधार दुसऱ्याच्या दारी, अशा वाटणीला कायद्याने मुभा दिली, तरी विवेकाने देऊ नये.