तालमीची जागा

मुंबईभोवतीची उपनगरं म्हणजे रात्री झोपायला यायची गावं, असं म्हणायची रीत आहे. डोंबिवलीच्या बाबतीत ते हमखास म्हटलं जातं. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून अठ्ठेचाळीस किलोमीटर. जलद लोकलनं तासाहून जास्त, उभ्यानं. आठच्या सुमाराला घरी टेकलेल्या माणसाला ‘आता गाण्याला बस’ असं कोण सांगणार?

पण या पट्ट्याचा इतिहास काही वेगळंच सांगतो. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४चं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चं, म्हणजे मुंबईच्या ग्रंथसंग्रहालयाआधी पाच वर्षं. गुढीपाडव्याला आज गावोगावी ज्या शोभायात्रा निघतात, त्यांची सुरुवात १९९९ साली डोंबिवलीत श्री गणेश मंदिर संस्थानानं केली. कल्पना आबासाहेब पटवारींची. दमूनभागून आलेल्या चाकरमान्यांच्या गावातून निघालेली प्रथा पुढं खुद्द गिरगावानं उचलली. एरवी उपनगर मुंबईची नक्कल करतं असं मानलं जातं. इथं उलटं झालं.

हे घडलं कशामुळं? ‘डोंबिवलीकर मुळातच रसिक’ हे उत्तर मला पटत नाही. रसिकता कुठल्या पिनकोडला चिकटलेली नसते. माझ्या मते कारण बरंच रुक्ष आहे: जागा स्वस्त होत्या आणि किल्ली ओळखीच्या माणसाकडं होती. शाळेचा हॉल, देवळाचा सभामंडप, चाळीचं पटांगण, वाचनालयाच्या वरची खोली. तिथं संध्याकाळी भजनी मंडळ बसायचं, कोणी राज्य नाट्यस्पर्धेसाठी नाटक बसवायचं, कोणी कॅरम खेळायचं. भाडं असलंच तर वर्गणीतून निघेल इतकं. शिपायाला चहा दिला की तो अर्धा तास जास्त थांबायचा. व्याख्यानमाला, एकांकिका, शोभायात्रा ही सगळी वर दिसणारी फळं; त्यांना पाणी मिळालं ते या आडबाजूच्या खोल्यांमधून.

आज पैसा तेव्हापेक्षा कितीतरी जास्त आहे आणि सांस्कृतिक इमारतीही जास्त आहेत. ठाण्यात १९७८चं गडकरी रंगायतन आहे, शिवाय काशिनाथ घाणेकर नाट्यगृह. कल्याणला अत्रे रंगमंदिर, डोंबिवलीला सावित्रीबाई फुले कलामंदिर, मुलुंडला कालिदास. म्हणजे प्रेक्षकाची सोय बऱ्यापैकी झाली. पण ज्याला स्वतः काही करायचं आहे, त्याची? पंधरा जणांचा हौशी संघ महिनाभर तालीम कुठं करणार? नाट्यगृह त्याला एका रात्रीपुरतं परवडलं तर परवडलं. मग एखाद्याचं घर, म्हणजे दोन खोल्यांतला हॉल, सोफा भिंतीला सरकवून. खालच्या मजल्यावरून तक्रार येईपर्यंत तालीम चालते.

आपलं सांस्कृतिक धोरण खुर्च्या मोजतं. आठशे की हजार, वातानुकूलित की नाही, वाहनतळ आहे का. कोनशिला बसवता येते ती अशाच इमारतीला. तालमीच्या खोलीचं उद्‌घाटन करायला कोणता मंत्री येईल? तरी एक गोष्ट उघड आहे. माणूस रंगमंचावर चढण्याआधी बराच काळ वाईट बोलतो, वाईट गातो, ठेका चुकतो. ज्या गावात वाईट गायला जागा नाही, त्या गावात चांगलं गाणं बाहेरून तिकीट काढूनच येणार.

वेळेचंही असंच आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांप्रमाणे रात्री दहानंतर उघड्यावर वाद्यं आणि ध्वनिक्षेपक वाजवता येत नाहीत. नियम योग्यच आहे. आजारी माणसं आणि परीक्षेची मुलं प्रत्येक इमारतीत असतात. पण आठला गाडीतून उतरलेल्या माणसाच्या हाती मग जेमतेम दोन तास उरतात. त्याच नियमांत बंदिस्त सभागृहं आणि सामाजिक सभागृहांना सूट आहे. तेव्हा चार भिंती आणि एक छप्पर ही चैन नव्हे. उशिरा परतणाऱ्याच्या छंदाला कायद्यानं ठेवलेली ती एकच वाट आहे. ढोल-ताशा पथकातली मुलं पुलाखाली, ओसाड मैदानात सराव करताना दिसतात आणि सगळे त्यांच्यावर चिडतात. मीही चिडतो. पण शेकडो तरुण पगाराशिवाय, प्रमाणपत्राशिवाय, महिनोन्‌महिने एकत्र येऊन एक ठेका घोटतात, हा आज उपनगरातला कदाचित सर्वांत मोठा सामूहिक छंद आहे, आणि त्याला आपण देऊ केलेली जागा पुलाखालची आहे.

मैदानांची कथा याहून गुंतागुंतीची. राज्यात २०२०पासून लागू असलेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडाच्या लेआउटमध्ये दहा टक्के मोकळी जागा मनोरंजनासाठी सोडावी लागते. कागदावर हे उत्तम. परंतु ही जागा त्या लेआउटच्या रहिवाशांची. फाटकावर सुरक्षारक्षक, वहीत नोंद, आत क्लबहाउस, तरणतलाव, बॅडमिंटन कोर्ट. फाटकाबाहेरच्या जुन्या चार मजली इमारतीतल्या मुलाला तिथली हिरवळ फक्त गच्चीवरून दिसते. शिवाय बिल्डरांनी ही मोकळी जागा मोटारींच्या मजल्यांवर, पोडियमवर चढवायला सुरुवात केलीच होती. मुंबईतल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला २०१३ साली सांगावं लागलं की किमान मनोरंजन-मैदान जमिनीवरच हवं. मुलांनी मातीत खेळावं की नाही, हा प्रश्न दिल्लीपर्यंत न्यावा लागला.

आतल्या रहिवाशांना तरी काय मिळालं? सुविधा मिळाल्या, मेंटेनन्सच्या बिलात त्यांचे पैसेही वसूल होतात. पण मंडळ मिळालं नाही. क्लबहाउस भाड्यानं घेता येतं, वाढदिवसाला. तिथं रोज संध्याकाळी हार्मोनियम काढून बसायचं म्हटलं तर समितीचा ठराव लागतो. मुलांचे छंद ‘क्लास’मध्ये गेले आहेत: तबल्याचा क्लास, कथकचा क्लास, बुद्धिबळाचा क्लास, आठवड्यातून दोनदा, फी तिमाही. शिक्षकांबद्दल माझी तक्रार नाही. अनेक जण मनापासून शिकवतात. पण क्लासला परीक्षा असते आणि दहावी आली की क्लास सुटतो. मंडळ सुटत नाही. निदान इतक्या सहज नाही, कारण तुम्ही गेला नाहीत तर झांजा कोण वाजवणार, हा प्रश्न दुसऱ्या कोणाला तरी पडलेला असतो.

आता कोणी म्हणेल, हे जुन्या दिवसांचे गोडवे गाणं झालं. आक्षेप रास्त आहे. त्या जुन्या मंडळांच्या कार्यकारिणीची नावं वाचली तर ती बहुतेक एकाच थरातली निघतात, आणि बायका बहुधा पाककृती स्पर्धा आणि हळदीकुंकू समारंभापुरत्या. ज्यांच्या शेतांवर ही उपनगरं उभी राहिली ते आगरी-कोळी त्या मंडळांत फारसे नव्हतेच. त्यांची भजनं, कीर्तनं, हळदीची गाणी स्वतंत्र चालू होती, गावदेवीच्या देवळात. पण पुढं काय झालं तेही पाहा. २०१७ साली नव्वदावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन डोंबिवलीत भरलं, तेव्हा यजमान होती आगरी यूथ फोरम. मैदान क्रीडासंकुलाचं, आणि त्या संकुलाला नाव ह.भ.प. सावळाराम महाराजांचं, म्हणजे आगरी समाजातल्याच वारकऱ्याचं. पु. भा. भावे आणि शं. ना. नवरे यांच्या डोंबिवलीत संमेलनाचा मांडव आगरी संस्थेनं घातला, ही मला त्या संमेलनातल्या कुठल्याही ठरावापेक्षा मोठी गोष्ट वाटते. सार्वजनिक मैदान होतं म्हणून हे झालं. फाटकाआडच्या क्लबहाउसात असा सत्तापालट होऊ शकत नाही. तिथं कोण येणार हे फ्लॅट विकतानाच ठरलेलं असतं.

बायकांनी तर जागेची वाटच पाहिली नाही. लोकलच्या महिला डब्यात भोंडला होतो, नवरात्रात गरबा होतो, दसऱ्याला डब्याला तोरण लागतं. कौतुकानं त्याच्या बातम्या येतात. मला त्यात कौतुकाइतकीच लाज वाटते: ज्यांना उतरल्यावर थेट ओट्याशी उभं राहायचं आहे, त्यांनी आपली फुरसत प्रवासातूनच काढून घेतली.

नवीन नाट्यगृह कोणी मागितलं तर माझा विरोध नाही, पण पुढच्या निवडणुकीत माझी मागणी वेगळी असेल. पालिकेच्या शाळा संध्याकाळनंतर कुलपात असतात. वर्ग आहेत, वीज आहे, पाणी आहे, पहारेकरीही आहे. प्रत्येक प्रभागात अशी एक शाळा संध्याकाळी सात ते साडेदहा नाममात्र भाड्यानं, नोंदणीकृत असो वा नसो, कोणत्याही स्थानिक गटाला मिळावी. वाटप आठवड्याच्या वेळापत्रकानं व्हावं आणि ते वेळापत्रक शाळेच्या दारावर लावावं. नगरसेवकाची चिठ्ठी लागू नये. याला नवी इमारत लागत नाही, कोनशिलाही लागत नाही. मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला एवढंच विचारा: आमच्या प्रभागातल्या शाळेची संध्याकाळची किल्ली कोणाकडं असते?